यादीतून गाळलेला देश

हिंजवडीच्या कंपनीत काम करणारी स्पृहा त्या संध्याकाळी खुशीत होती. जर्मनीतल्या पेन्शनच्या ऑनलाइन फॉर्ममधली जन्मदेशांची यादी तिने साफ केली होती.

“युगोस्लाव्हिया काढून टाकला, बाबा. तो देश आता नाहीच.”

तिचे सासरे दीनानाथ यांनी चहाचा कप खाली ठेवला. तरुणपणी टर्बाइनचं काम शिकायला ते दोन वर्षं तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबला राहिले होते. तिथला त्यांचा मित्र स्टेव्हान आता जर्मनीत म्युनिकला असतो.

“मग स्टेव्हानने काय लिहायचं?”

“त्याचं गाव आता ज्या नव्या देशात आहे, तो देश.”

“वा! बाप सर्ब जमातीचा म्हणून त्याच नव्या देशातून त्याला पळावं लागलं. आधी त्या हुकूमशहा टिटोच्या राज्यात तोंड उघडायची चोरी होती, हे तोच सांगायचा. पण जेवायच्या टेबलावर कोणी कोणाची जात काढत नव्हतं. टिटो गेला आणि दहा-अकरा वर्षांत सगळे तेच करत बसले.”

“पण देशच उरला नाही तर...”

दीनानाथांनी कपाटातून आपला जन्माचा दाखला आणून तिच्यापुढे आपटला. त्यावर लिहिलं होतं, ‘भोर संस्थान’.

“हेही उरलं नाही. मी जन्मलोय ना?”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात स्पृहाने युगोस्लाव्हिया यादीत परत घातला.

“मेलेला देश कोण निवडणार?” साहेब हसले.

फॉर्म सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात चार हजार जणांनी युगोस्लाव्हिया निवडला. स्पृहाने घरी येऊन आकडा सांगितला.

दीनानाथांनी पेपरातून मान वर केली नाही.

“एवढेच? बाकीचे त्या देशाचं नाव घ्यायला अजून घाबरतायत.”