मधल्या फळीवरचा साचा

कवळी हे काय माणसाचं नाव आहे? पण दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायला लागला, तेव्हापासून दोस्तांनी त्याला दुसऱ्या नावाने म्हणून हाक मारली नाही. तोही काही कमी नव्हता. वर्षअखेरीच्या सुट्टीआधी उरल्यासुरल्या प्लास्टरची लटकनं करायचा, खिडकीत टांगायला, आणि त्यात एकेकाची टोपी उडवायचा. घोरणाऱ्या बेकरीवाल्याला उशी, कायम उशिरा उगवणाऱ्या पोस्टमनला गोगलगाय. जिवलग दोस्त घड्याळं दुरुस्त करायचा, त्या घड्याळजीला दरवर्षी एक बंद पडलेलं घड्याळ.

यंदा घड्याळजी स्वतःच लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"या वेळी घड्याळ नको रे. हिच्या दातांचा साचा आहे ना तुझ्याकडे? त्याचंच काहीतरी कर. खिडकीत हसताना दिसेल."

"करतो की," कवळी म्हणाला.

पण साचा नव्हताच. उन्हाळ्यात वहिनींच्या, म्हणजे घड्याळजीच्या बायकोच्या, पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता. कवळीने दातांचा साचा केला, पण दात बसवायच्या आतच दुखणं उपटलं आणि महिन्याभरात वहिनी गेल्या. त्या दिवशी घड्याळजीच्या पाठीवर हात फिरवत यानेच सांगितलं होतं, "साचा आहे माझ्याकडे. जिवापाड जपीन." कोणी मागितलं होतं का हे वचन? नाही! स्वतःहून दिलं होतं.

आणि गेल्या आठवड्यात, लटकनं सुकवायला जागा हवी म्हणून पठ्ठ्याने मधली फळी रिकामी केली. लॅबची रीत अशी, की एकेक चिठ्ठी वाचायची आणि वर्ष उलटलेला साचाच टाकायचा. पण चिठ्ठ्या वाचायचा आला कंटाळा. उशी ओली, गोगलगाय ओली. त्याने अख्खी फळी पोत्यात उपडी केली आणि पोतं कचऱ्याच्या गाडीत घातलं. जपीन म्हणे!

खरं सांगायला चार दिवस होते. रोज सकाळी ठरवायचा, आज सांगून टाकू, आणि रोज फोन उचलून परत ठेवायचा. जेवण जाईना. शेवटी त्याने वरच्या फळीवरून दुसराच एक साचा काढला. बारीक जिवणी, पुढच्या दोन दातांत फट, थेट वहिनींसारखी. पुढचे सहा दात कापले, घासले, भोक पाडून दोरी ओवली.

राहिला होता तो कोपरा. कानस घेतली, दाताला टेकवली आणि तसाच उभा राहिला. कोणाचा तरी धडधाकट दात मोडायचा आणि वहिनींचा म्हणून खपवायचा? खोटं बोलायला तो तयार झाला होता, पण एवढं काही हाताला जमेना. त्याने कानस ठेवून दिली.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी कवळी लटकनाची डबी घेऊन घड्याळजीच्या घरी गेला. घड्याळजीने स्वयंपाकघरात बसून ती उघडली. कापसातून लटकन काढलं, दातांवरून अंगठा फिरवला. अंगठा एका दातावर थांबला. संपलं सगळं, कवळीला वाटलं.

"दात नीट केलास तू तिचा," घड्याळजी म्हणाला. "शेवटपर्यंत तोंडावर हात धरून हसली रे बिचारी. मला नाही सुचलं, तुला सुचलं."

त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. कवळीला मान वर करवेना.

घड्याळजीने लटकन खिडकीच्या खिळ्याला टांगलं आणि लगेच परगावच्या लेकीला फोन लावला. "अगं, काकाने आईचा दात नीट केलाय! काय? हो, देईल की, साचा आहेच त्याच्याकडे." मग कवळीकडे वळला. "पोरीलाही एक हवंय. देशील ना?"

"नाही रे देऊ शकत," कवळी म्हणाला. "फोन ठेव आधी."

मग त्याने सगळं सांगितलं. फळी, पोतं, ओली गोगलगाय, न वाचलेल्या चिठ्ठ्या, काही म्हणजे काही लपवलं नाही.

"मग हे दात कोणाचे?" घड्याळजीने विचारलं.

"माहीत नाही. चिठ्ठीवर नाव नसतं, नुसता नंबर आणि तारीख."

घड्याळजी उठून खिडकीपाशी गेला. आता हा भिरकावणार, म्हणून कवळीने डोळे मिटून घेतले. भिरकावलं असतं तर त्याला हवंच होतं. पण घड्याळजीने खिळ्यावरची गाठ सोडवली, लटकन डबीत ठेवलं, वर कापूस नीट दाबला आणि डबी कवळीच्या हातात दिली.

"जा, परत नेऊन ठेव," तो म्हणाला. "यांच्याही घरी कोणीतरी असेल. आणि या वेळी चिठ्ठी वाच."