उंच दार कुणीकडे

तो ब्रदर ऑस्बर्ट आजही माझ्या डोक्यात जातो. मठाचा कोठारी आहे म्हणे! ह्या माणसाच्या हाती एसेक्समधल्या सगळ्यात मोठ्या मठाचा गहू, आणि अक्कल कोंबडीएवढी.

मठाचं धान्यकोठार बांधायचं काम माझ्याकडे आलं. ओकचे खांब, ओकच्या तुळया, खिळ्यांच्या जागी लाकडी खुंट्या. मठासाठी बांधत होतो, पण जीव माझा ओतला होता त्यात. कोठाराला समोरासमोर दोन दारं लागतात. शेताकडचं उंच, कारण गाडी पेंढ्यांनी शिगोशीग भरून आत येते. पलीकडचं बुटकं, कारण ती रिकामी होऊन बाहेर पडते. शेंबड्या पोरालाही कळेल हे.

"उंच दार रस्त्याकडे घे, थर्स्टन," ऑस्बर्ट म्हणाला. "मठाधिपती तिकडून येतात. त्यांनी काय बुटकं दार बघायचं?"

"ते काय गव्हाच्या गाडीवर बसून येणारेत, ब्रदर?"

"तोंड आवर. गाड्या रस्त्यानं फिरवून आणतील."

रस्त्यानं म्हणजे गिरणीच्या तळ्याला वळसा, आणि तिथल्या चिखलात रिकामी गाडीसुद्धा रुतते. घसा फोडून सांगितलं. पण कोठार मठाचं. झक मारत तसं बांधलं.

सुगीत व्हायचं तेच झालं. आभाळ भरून आलं आणि पहिलीच गाडी तळ्याशी चाकांच्या आसापर्यंत रुतली. मग वॉटकिन गाडीवानानं आपली गाडी शेतातून थेट बुटक्या दारात घातली. वरच्या पेंढ्या दारावरच्या तुळईला अडकल्या. ना पुढे, ना मागे.

"काप ती तुळई!" ऑस्बर्ट ओरडला.

"वेड लागलंय का? त्या बाजूच्या छपराचे वासे तिच्यावर टेकलेत. कापली तर भिंत बाहेर फाकेल. पेंढ्या इथंच उतरवा, हातोहात आत देऊ. मी उभा राहतो पहिला."

"आणि तोवर गहू भिजू दे?" वॉटकिन खेकसला. "आमचा वाटाही त्यातच आहे. तुझं लाकूड मोठं की आमच्या पोरांचं पोट?"

सगळं गाव माझ्यावर उलटलं. माझा धाकटा भाऊ हॅमो, ज्याला मी करवत धरायला शिकवलं, तो म्हणाला, "दादा, नको ना ताणूस. मागाहून टेकू देऊ." आणि करवत घेऊन वर चढला. मी त्याचा पाय धरला, तर वॉटकिननं मला मागे खेचलं.

तुळई कापली. गाडी आत गेली. लोकांनी टोप्या उडवल्या.

टेकू दिले मी, चांगले जाडजूड. पण थंडीत भिंत फाकलीच. त्या बाजूचं छप्पर खचलं आणि बर्फाचं पाणी गव्हावर ठिबकायला लागलं. मठाधिपती बघायला आले.

"असलं कच्चं काम कुणाचं?"

ऑस्बर्ट वर आढ्याकडे बघत राहिला. वॉटकिन खाली वाकून ओला गहू चाचपू लागला. मठाधिपतींनी हॅमोकडे वळून विचारलं, "तू सांग. कुणी बांधलं हे?"

हॅमोनं माझ्याकडे बोट दाखवलं.

खोटं बोलला असता तर कानफटात तरी मारली असती. पण बांधलं मीच होतं.