मोळ्यांचा शुक्रवार

बाबांना पुरून चार दिवस झाले होते. यम्मा, म्हणजे माझी आई, त्यांचे कपडे वाटायला काढत होती. कपाटाच्या मागे बंदुकीची लाकडी पेटी उभी असायची. ती बाजूला सारताना यम्मा थांबली. तिनं पेटी उघडली नाही, मला हाक मारली.

"वर्दिया, ही जरा उचलून बघ."

पेटी हलकी होती. आत तेलकट फडकं तेवढं होतं. बाबांची दुनळी नव्हती, काडतुसांचा डबाही नव्हता.

तीन दिवस आमच्या घराचं दार लागलं नव्हतं. डोंगराच्या दोन्ही अंगांची माणसं माती द्यायला आली होती. बायका आत, पुरुष अंगणात, स्वयंपाकघरात शेजारणींचं राज्य, आणि कुसकुसाच्या पराती या खोलीतून त्या खोलीत. अशा घरातून कोणीही काहीही नेऊ शकतं. पण आमच्या गावात कोणी नेत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि ते सांगणारे बाबाच होते.

आमच्या इघिल-ताझार्तमध्ये शिरताना रस्त्याकडेला एक फलक आहे. 'या गावात अकरा वर्षांत एकही गुन्हा नाही.' अकराचा आकडा वेगळ्या रंगात आहे, कारण तो दर वर्षी बदलतो. बाबा सतरा वर्षं गावसभेचे प्रमुख होते. जानेवारी लागला की रंगाचा डबा घेऊन ते स्वतः जायचे. आजारी असतानाही गेले होते. त्यामुळे या वेळी अकरातले दोन्ही एक जरा वाकडे आले आहेत. हा आकडा त्यांनी मनानं लिहिलेला नव्हता. खालच्या ठाण्याच्या नोंदवहीत आमच्या गावाच्या नावापुढे खरंच काही नव्हतं.

मी बेजाया शहरात वाचनालयात काम करते. पुस्तक परत आलं नाही तर आम्ही त्याला चोरी म्हणत नाही, 'परतीच्या प्रतीक्षेत' म्हणतो. गेल्या वर्षी आमच्याकडे एकही पुस्तक चोरीला गेलं नाही. तेव्हा आकडे कसे खाली ठेवतात, हे मला नवीन नव्हतं. पण बाबांच्या फलकाकडे मी त्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी ठाण्यातून फोन आला. परवाना मयताच्या नावावर आहे, बंदूक रविवारपर्यंत जमा करा. यम्मा म्हणाली, "आणतो." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"मी 'आणतो' का म्हणाले?"

"दुसरं काय म्हणणार होतीस?"

"नाही आहे, असं म्हणायला हवं होतं."

संध्याकाळी दा अरेझकी आला; वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही 'दा' म्हणतो, बाईला 'ना'. तो निवृत्त मास्तर, बाबांचा उजवा हात, आणि आता गावसभेचा प्रमुख. बंदुकीचं त्याला कसं कळलं हे मी विचारलं नाही. आमच्या भिंती दगडाच्या आहेत, पण पातळ.

"ठाण्यात गेली होतीस?"

"अजून नाही."

"मग आधी कॉफी दे. गेली असतीस तर पाणीसुद्धा मागितलं नसतं." तो बाबांच्या जागेवर बसणार होता, मग शेजारच्या उशीवर बसला. "हे बघ पोरी. पंधरा दिवसांनी आदर्श गावाच्या स्पर्धेची माणसं येतायत. स्वच्छतेत वरचं गाव आपल्या पुढे आहे. सुरक्षिततेत आपल्यासमोर कोणी नाही. तू कागदावर सही केलीस की त्या पंधरवड्यात गावात पोलिसांची जीप उभी राहील."

"दा अरेझकी, बंदूक आहे. कोंबडी नाही."

"कोंबडी असती तर मी डोंगर चढून आलोच नसतो. गावातलं गावात मिटवू. तुझे बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं?"

"बाबा असते तर बंदूक पेटीत असती."

यम्मानं माझ्या पायाला पाय लावला. दा अरेझकीनं कप खाली ठेवला. तो रागावला नाही. मास्तर माणूस, उलट उत्तरांची सवय असते.

"मोळ्या करू," तो म्हणाला. "शुक्रवारी. रविवारपर्यंत तुझ्या हातात दोन दिवस राहतात. नाहीच मिळाली तर ठाण्यात जायला तू मोकळी."

मोळ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. यम्मानं एकदा पाहिल्या होत्या, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. गावात मोठी वस्तू नाहीशी झाली की प्रत्येक चुलीमागे एक मोळी, जुन्या तेलघाण्यात नेऊन टाकायची. एकेकानं आत जायचं, एकट्यानं. सगळ्या आल्या की म्हातारे त्या सोडतात. ज्यानं नेलं असेल तो मोळीत घालून परत करतो, आणि कोणाची मोळी कुठली हे कोणी विचारायचं नाही. ज्याचं गेलं त्याच्याही घरची मोळी लागते. जळण आणणं बायकांचं काम, म्हणून मोळी बाईच नेते. घरात बाई नसेल तर शेजारीण त्या घराची दुसरी बांधते.

चौऱ्याहत्तर चुली. बुधवारी आणि गुरुवारी सगळा ओकवनाचा उतार बायकांनी भरला होता. गॅस आल्यापासून इतक्या कुऱ्हाडी एकदम बाहेर आल्या नव्हत्या.

"आमच्या सुनेला कुऱ्हाडीचं टोक कुठलं तेच ठाऊक नाही!"

"तुमच्या मुलाला तरी कुठं ठाऊक आहे, सासूबाई? मी नाही शिकले तर त्याला कोण शिकवणार?"

"अगं, ही मोळी आहे की कबर? हिच्यात तोफ मावेल."

"मावू दे. उद्या कोणाची तोफ हरवली तर शोधायला नको."

मी जवळ गेले की आवाज खाली यायचा, मग परत चढायचा. सगळ्यांत वर, एकटी, ना फेत्ता काटक्या वेचत होती. ती सत्तरीची विधवा. तिच्याजवळ कोणी नव्हतं. तिला विसराळूपणा लागला आहे, गॅस चालू ठेवून जाते, म्हणून तिच्याकडे कोणी पोरंही सोडत नाही, असं मी सुट्टीत आले की ऐकायचे.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर सुरुवात झाली. मी आमची मोळी डोक्यावरून नेली. घाण्यात जुन्या पेंडेचा वास होता. तोवर तीसेक मोळ्या पडल्या होत्या. कुठून लोखंडाची नळी दिसते का, हे बघायचा मोह झाला. मी पाहिलं नाही. मोळी टाकली आणि बाहेर आले.

सगळ्या आल्यावर चार म्हाताऱ्यांनी मोळ्या अंगणात ओढून सोडायला घेतल्या. पुरुष त्यांच्याभोवती, आम्ही बायका वरच्या बांधावर. पहिल्या वीस-बावीस मोळ्यांत लाकडं निघाली. तेविसावीतून मोबाइल पडला.

म्हाताऱ्यानं तो उचलला, उलटसुलट केला आणि विचारलं, "हा कोणाचा?"

"माझा," गर्दीतून एकजण म्हणाला. "विहिरीत पडला होता."

"विहिरीतून चांगला वाळून आलाय."

कोणीतरी हसलं. पुढच्या मोळीत काही नव्हतं. त्यापुढच्या मोळीत शाळेतला पाण्याचा छोटा पंप होता, मग पाने आणि पक्कड गुंडाळलेलं फडकं, मग एक झाडं छाटायची करवत, यंत्राची, पिवळी.

"ही तर माझी!" दा अरेझकी पुढे झाला आणि तिथेच अडखळला.

"दा अरेझकी, तू तर म्हणालास भाच्याला दिली!"

"भाच्यालाच दिली होती बहुतेक," कोणीतरी मागून म्हणालं. "भाच्याला सांगायचं राहिलं."

आता पुरुष मोठ्यानं हसत होते. वरच्या बांधावर मात्र कोणी हसत नव्हतं. मी बायकांकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या, हात पोटाशी घेऊन. मला तेव्हा समजलं. मोळ्या त्यांनी बांधल्या होत्या. नवऱ्यानं, दिरानं, मुलानं कधीतरी घरी आणलेलं, 'मिळालं', 'सापडलं' म्हणून सांगितलेलं, आणि त्यांनी वर्षानुवर्षं कोठीत झाकून ठेवलेलं. गावानं एक बंदूक मागितली होती. त्यांना घर रिकामं करायची संधी मिळाली होती.

साठाव्या की एकसष्टाव्या मोळीत चांदीचा वाटोळा आकडा निघाला. झग्याला खांद्यावर लावतात तसला, निळ्याहिरव्या मिन्याचा, मधोमध पोवळं. म्हाताऱ्यानं विचारायच्या आत ना फेत्ता बांधावरून खाली उतरली. बायका तिथं जात नाहीत. ती पुरुषांमधून सरळ गेली, आकडा घेतला, मागे उलटून बघितला.

"पिनेला सोनारानं डाग देऊन जोड लावलाय," ती म्हणाली. "हे बघ अरेझकी. बघ ना. आठ वर्षं."

दा अरेझकीनं पाहिलं नाही.

बंदूक निघाली नाही. चौऱ्याहत्तर मोळ्या सुटल्या, सात वस्तू निघाल्या, दुनळी त्यांत नव्हती. माणसं पांगताना दा अरेझकी माझ्याजवळ आला.

"सुरुवात चांगली झाली. आणखी एक शुक्रवार जाऊ दे. ज्यानं नेली त्याला धीर यायला वेळ लागतो."

"तुम्ही रविवार म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. पण बघितलंस ना, गाव किती प्रामाणिक आहे?"

"बघितलं," मी म्हणाले.

घरी आल्यावर मी यम्माला ना फेत्ताबद्दल विचारलं. ती बाबांच्या शर्टांच्या घड्या करत होती. एक घडी तिनं दोनदा मोडली.

"आकडा गेला तेव्हा ती ठाण्यात निघाली होती. तुझे बाबा तिच्याकडे जाऊन बसले, दोन तास. तुझं वय झालं, कुठंतरी ठेवलास आणि विसरलीस, असं सांगितलं. गोडीनं सांगितलं. मग गावात दोघाचौघांना सांगितलं, तिचं मनावर घेऊ नका."

"त्यांना खरंच तसं वाटलं होतं?"

"नाही." तिनं शर्ट ढिगावर ठेवला. "कोणी नेला तेही त्यांना ठाऊक होतं. मला नाव सांगितलं नाही. म्हणाले, तो सुधारतोय, त्याला एक संधी देऊ. वाईट माणूस नव्हते गं ते."

"मला माहीत आहे."

बाबांनी कधी कोणाला दटावलं नाही. ते नुसते समोर बसायचे, आणि समोरचा माणूस दमेपर्यंत समजुतीनं बोलायचे. मला त्यांचा तो आवाज फार आवडायचा. मी शहरात शिकायला जाऊ नये असं आजोबा म्हणाले, तेव्हा त्याच आवाजानं मला जाता आलं होतं. उरलेल्या शर्टांच्या घड्या मी केल्या.

बंदुकीचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकते. मी तक्रार दिल्यावर सतरा दिवसांनी ती गावातल्याच मेझियानकडे सापडली. बायको माहेरी गेल्यापासून तो एकटाच राहायचा. त्याच्या चुलीची मोळी शेजारणीनं बांधली होती, म्हणजे तीत बंदूक येणारच नव्हती. भावाशी त्याचा ऑलिव्हच्या बागेच्या बांधावरून वाद चालला होता. ठाण्याची माणसं पोचली तेव्हा दोन्ही नळ्यांत काडतुसं होती. भाऊ बागेतच काम करत होता. गाव स्पर्धा हरलं. वरचं गाव जिंकलं. आमच्याशी बोलणं ज्यांनी सोडलं त्यांतल्या काहींनी पुन्हा धरलं, काहींनी नाही.

रविवारी सकाळी आठच्या गाडीनं मी खाली निघाले. यम्मा दारापर्यंत आली. "त्यांच्या फलकावरच्या आकड्याचं काय होणार आता?" असं तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. मी गाडीत बसले होते, इंजिन सुरू झालं होतं, तेव्हा कोणीतरी पत्र्यावर थापा मारल्या. ना फेत्ता होती. चांगला झगा, खांद्याला आकडा.

"सरक," ती म्हणाली. "मलाही लिहायचंय."

"ना फेत्ता, तुमची वस्तू तर मिळाली."

"म्हणूनच. आता मला कोणी खोटी म्हणणार नाही."

घाटात एका वळणावर तिनं पिशवीतून भाकरी आणि तेलातलं अंजीर काढून निम्मं मला दिलं. बाबा गेल्यापासून मी भुकेनं खाल्लेलं ते पहिलं अन्न.

ठाण्यात तरुण अंमलदार होता. माझी तक्रार त्यानं नीट लिहून घेतली: परवान्याचा क्रमांक, पेटी, दिवस, येणारेजाणारे. आमच्या गावाचं नाव घालताना त्यानं मान वर केली. "इघिल-ताझार्त? नक्की?" मी हो म्हणाले. मग ना फेत्ता पुढे सरकली आणि खांद्यावरचा आकडा त्याला दाखवला.

"हा चोरीला गेला होता."

"आजी, पण हा तर तुमच्या अंगावर आहे."

"परवा मिळाला. आठ वर्षं नव्हता."

"मिळाला ना? मग तक्रार कसली? कोणावर संशय आहे का?"

"चोरावर माझी तक्रार नाही. त्याच्या आईनं आणून टाकला, तिला उगाच त्रास. मला आठ वर्षं वेडी ठरवलं. माझी नात माझ्याकडे झोपायला देत नाहीत. त्याचं काही लिहिता येतं का तुझ्या कागदावर?"

अंमलदारानं पेन खाली ठेवलं, परत उचललं. तो चांगला मुलगा होता. "लिहू," तो म्हणाला. "निवेदन म्हणून लिहू. पण कोणी ठरवलं ते लागेल. नाव सांगा."

ना फेत्तानं माझ्याकडे पाहिलंही नाही. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मला कळलं की ती नाव सांगणार नाही, आणि न सांगताच परत जाईल.

"बेलाईद," मी म्हणाले. "बेलाईद आत-हम्मू. राहणार इघिल-ताझार्त."

"तुमचे कोण?"

"वडील. नऊ दिवसांपूर्वी वारले."

तो लिहीपर्यंत मी थांबले. आडनाव त्यानं चुकीचं लिहिलं होतं. मी त्याला ते दुरुस्त करायला सांगितलं.