दहाव्या दिवशी

घंटा झाली तशी जालिंदरनं डोळे उघडले आणि टेपवरचा मंगल मैत्रीच्या प्रार्थनेचा आवाज पुरता विरण्याआधीच मान वळवून हॉलच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिकडे बायकांच्या रांगा होत्या. तिसऱ्या रांगेत, खांबाला लागून, त्याची बायको छबू बसली होती. सकाळचे दहा वाजले होते. आता मौन सुटणार होतं.

राजूरच्या पुढे एका आश्रमशाळेत, दिवाळीच्या सुट्टीत मुलं घरी गेल्यावर, हे दहा दिवसांचं विपश्यना शिबिर भरलं होतं. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. कुणी कुणाशी बोलायचं नाही, खुणासुद्धा करायच्या नाहीत. बाकीच्या साठ जणांना हा नियम जाचला. छबूला जाचायचं कारण नव्हतं. गेले चौदा महिने ती कुणाशीच बोलली नव्हती.

जालिंदर नगरच्या एमआयडीसीत फिटर होता आणि वस्तीतल्या विहाराचा सचिव. कुणाच्या घरी मयत झाली की शोकसभेत अनित्यतेवर बोलायला तोच उभा राहायचा. वीस वर्षांत त्याचं ते भाषण वस्तीला पाठ झालं होतं. मग गेल्या साली त्याचा स्वतःचा मुलगा, नववीतला सम्राट, सायकलवरून येताना मनमाड रोडला ट्रकखाली गेला. प्रेत दारात आलं आणि छबूनं हंबरडा फोडला. भन्तेजी आले होते, गावातले चार पुढारी आले होते. जालिंदर तिच्यापाशी वाकला आणि हळूच म्हणाला,

"गप. सगळं अनित्य हाय. आपल्याला हे शोभत न्हाई."

छबू गप झाली. लोक म्हणाले, माणूस असावा तर असा. ते ऐकून त्या दिवशीही त्याला कुठेतरी बरं वाटलं होतं, आणि त्याची त्याला पुढे फार लाज वाटत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यानं चहा मागितला. छबूनं चहा आणून ठेवला, पण हं की चूं केलं नाही. त्यानंतर कधीच नाही.

डॉक्टरनं घसा तपासला, जीभ तपासली, दोष मनात आहे म्हणाला आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती झोपायची आणि उठली की पुन्हा तशीच. शेवटी कुणीतरी शिबिराचं सुचवलं. लोकांना ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या जालिंदरनं स्वतः कधी ध्यानाला मांडी घातली नव्हती, तरी त्यानं दोघांचेही फॉर्म भरले. दहाव्या दिवशी सगळेच बोलायला लागतात, त्या लोंढ्यात हिचंही तोंड उघडेल, असा त्याचा हिशेब होता. हिशेब पोरकट होता हे त्यालाही कळत होतं, पण दुसरा काही उपाय उरला नव्हता.

ध्यानात श्वासाकडे लक्ष ठेवायचं होतं, पण दहा दिवसांत त्याला तो श्वास काही सापडला नाही. आचार्यांशी तेवढं बोलायची मुभा होती. चौथ्या दिवशी त्यांनी जवळ बोलावून विचारलं, मन कुठे जातं? बायकांच्या बाजूला, तो म्हणाला आणि मग जीभ चावली. आचार्य हसले नाहीत. सगळी हकिगत ऐकून ते म्हणाले, तुम्ही त्यांच्यासाठी बसलायत, जरा स्वतःसाठी बसा. त्यानं मान हलवली, पण पालथ्या घड्यावर पाणी. कान आपले तिकडेच लागलेले.

मौन सुटलं तशी पुरुष मंडळी शाळा सुटल्यागत व्हरांड्यात आली. कुणी गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगत होता, कुणी रात्रीच्या भुकेचं. एकानं जालिंदरला नावगाव विचारलं. ते सांगून तो तसाच पुढे गेला आणि बायकांच्या अंगणाला आडोसा म्हणून दोरीवर चादरी लावल्या होत्या तिथे थांबला. पलीकडे पाण्याच्या टाकीपाशी गलका होता. त्या गलक्यातून एक आवाज येत होता, बऱ्याच वर्षांनी फिरवलेल्या बोल्टसारखा अडत अडत निघणारा.

"लई खोडकर हुता," तो आवाज सांगत होता. "भाकरीचा पापुद्रा तेवढा खायचा. खालची माझ्या ताटात टाकायचा."

जालिंदरनं दोरी घट्ट धरली. सम्राट पापुद्रा खायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. मग पलीकडे छबू रडायला लागली, मोठ्यानं, ऊर फुटेस्तोवर, आणि तिला कुणी गप केलं नाही. चादरीच्या अलीकडे जालिंदरही रडला, पण आनंदानं. बायको परत मिळाली असं त्याला वाटलं.

काय बोलायचं ते त्यानं दुपारभर मनात घोकलं. चारच्या सुमाराला तो स्वयंपाकघरामागच्या चिंचेखाली उभा होता तिथे छबू आली. बरोबर कोतूळकडची रतनबाई होती, दहा दिवस तिच्या शेजारच्या आसनावर बसलेली. छबूचे डोळे सुजले होते, पण चेहरा मोकळा झाला होता. असा चेहरा त्यानं चौदा महिन्यांत पाहिला नव्हता.

"छबू," तो म्हणाला, "माझं चुकलं. मी तुला रडू द्यायला पायजे हुतं."

छबूनं पुरतं ऐकून घेतलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर त्याला धीर आला असता. मग ती रतनबाईकडे वळली.

"त्यांना म्हनावं, सकाळी आठला जीप हाय. बॅग भरून ठिवा."

रतनबाई गोंधळली. तो हाताच्या अंतरावर उभा होता. त्यांनी ऐकलंय की बाई, असं ती पुटपुटली. छबू तोवर ताटं घासायला गेलीसुद्धा.

सवय मोडायला वेळ लागतो, अशी जालिंदरनं मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी अकोले स्टँडपर्यंत जीपमध्ये छबू रतनबाईशी एकसारखी बोलत होती. भातकापणी, सांधेदुखी, सुना, काय वाट्टेल ते. स्टँडवर रतनबाई उतरून आपल्या गाडीला गेली आणि ही दोघं नगरच्या एसटीत बसली. छबू खिडकीशी, तो शेजारी. मध्ये निरोप सांगायला आता कुणी नव्हतं.

गाडी सुटली आणि जालिंदरला सगळं स्वच्छ दिसलं. डॉक्टर म्हणाला तो मनाचा आजार गेला होता. शिबिरानं जे करायचं ते केलं होतं. आता जे राहिलं होतं तो आजार नव्हताच, आणि त्यावर गोळी नव्हती की शिबिर नव्हतं.

कंडक्टर पुढ्यात येऊन उभा राहिला.

"कुठं?"

जालिंदरनं तोंड उघडलं, पण घशातून आवाज निघेना.

"दोन, नगर," त्याच्यावरून कंडक्टरकडे पाहत छबू म्हणाली, स्पष्ट, खणखणीत.

कंडक्टरनं तिकिटं फाडली. छबूनं पदर सारखा केला आणि खिडकीबाहेरची कापलेली भातखाचरं पाहू लागली. नगर अजून चार तास लांब होतं.