समुद्राला दिलेली पाणथरी

पाचव्या बुडीनंतर लासिदी वर आला आणि होडीची कड धरून नुसता धापा टाकत राहिला. भाला कोराच. होडीत त्याचा बाप सान्रा वल्हं घेऊन बसलेला.

आम्हा समुद्रावर राहणाऱ्या बाजाऊंच्या पहिल्या दोनतीन बुड्या फक्त अंग मोकळं करायला. मग दम लांबतो आणि तळाचा मासा आपला. लासिदीचा तर असा लांबायचा की बायका म्हणायच्या, मेला खालीच संसार थाटतोय वाटतं! आज पाचवी झाली तरी दम पहिल्याएवढाच.

गेल्या वादळात डोलकाठी मोडून त्याच्या डाव्या कुशीवर आदळली होती. शहरातला डॉक्टर सान्राला म्हणाला, "आत पाणथरी, म्हणजे प्लीहा, फाटून रक्त वाहतंय. ते आपोआप थांबेलही. वाट पाहू, नाहीतर पाणथरी काढू. रक्ताचा साठा असतो तिच्यात, गरजेला अंगात सुटतो. पण तिच्यावाचून माणूस जगतो."

म्हाताऱ्याने शेवटचं तेवढं ऐकलं. पोराच्या जिवापुढे धीर कुठला धरवतोय! शिवाय आमच्यात मूल जन्मलं की त्याची वार समुद्राला देतात. ती त्या मुलाचा पाण्यातला थोरला भाऊ, जन्मभर त्याला सांभाळतो. पाणथरीही त्याच्याकडेच ठेवू, तो काय परका आहे, असं सान्राला वाटलं. त्याने ती काढायला सांगितली, मागून घेतली आणि नारळाच्या करवंटीत भातासोबत खांबांवरच्या घराखालच्या पाण्यात सोडली. पोराला आता दोन पाठीराखे, म्हणून वस्तीभर सांगत हिंडला वेडा.

"अशक्तपणा आहे रे," सान्रा म्हणाला. "येईल दम."

"वर्ष होत आलं, उवा." बापाला तो उवा म्हणे. "डॉक्टर साठा म्हणाला होता ना? बुडी मारली की तोच सुटत असणार. आता सुटायला आत काही उरलंच नाही."

सान्राच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने होडी घराकडे वळवली. शिडीशी होडी लागली तरी चढेना. जिथे करवंटी सोडली होती तिथे त्याने कोपरापर्यंत हात घातला.

"थोरल्या, चुकलो मी. त्याचं त्याला परत दे."

लासिदीला बापाचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. बराच वेळ हात तसाच पाण्यात होता. शेवटी लासिदीने डोळ्यांवरचा लाकडी चष्मा काढून त्याच्या मांडीवर ठेवला आणि वल्हं आपल्याकडे घेतलं. आमच्यात वल्हं धरून बसतात ते बुडी सुटलेले म्हातारे.