चष्मा ठेवलेली खुर्ची

माझ्या कॉलेजातल्या मित्राला, घुबडाला, आता माणसं ओळखू येत नाहीत, असं त्याच्या बायकोने, वहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "त्याला कधी येत होती?" वहिनी हसल्या आणि हसता हसता रडल्या. पुढच्या आठवड्यात त्या नवऱ्याला घेऊन मुलाकडे कायमच्या राहायला जाणार होत्या, लांब. "मलाच 'अहो बाई' म्हणतात हो," त्या म्हणाल्या. "एकदा कॉलेजात नेऊन आणा त्यांना. तुम्हाला तरी ओळखतात का बघा."

मला तेवढंच हवं होतं. जाण्याआधी एकदा त्याने मला ओळखावं.

कॉलेजातली आमची जागा म्हणजे लायब्ररीची माडी. लाकडी जिना, लाकडी जमीन आणि शेवटच्या खिडकीपाशी दोन खुर्च्यांचं टेबल. परीक्षा जवळ आली की खुर्च्यांवरून हमरीतुमरी व्हायची. रुमाल टाकून जागा धरली, तर पोरं रुमाल भिरकावून खुशाल बसायची. म्हणून घुबड समोरच्या खुर्चीवर स्वतःचा चष्मा ठेवायचा. चष्म्यावर बसायची कोणाची टाप नव्हती. पण चष्म्याशिवाय त्याला नाकासमोरचं पुस्तकही दिसत नसे. मग मी येईपर्यंत तो हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहायचा, आणि मी तर कायम उशिरा यायची. जिन्यावर माझ्या चपलांची फटफट ऐकू आली की मान न वळवता म्हणायचा, "आल्या लेटलतीफ."

मग टेबलावरून ऊन सरकत राही, कुठेतरी पान उलटे, आणि आम्ही पुस्तकात तोंड खुपसून काहीच वाचत नसू. प्रेमबीम म्हणाल तर नाही. तसा विचार मनात यायच्या आत मला झोप लागायची. इतकं निवांत मला पुढे कुठेच वाटलं नाही.

परवा त्याचा हात धरून तो जिना चढले. माडी रिकामी होती, ऊन टेबलावर आलेलं होतं. समोर बसून मी त्याला सगळं सांगितलं, नाव, टोपणनाव, खिडकी, चपला. तो सभ्यपणे ऐकत होता. "असं का," म्हणाला, "छान."

थोड्या वेळाने तो चुळबुळायला लागला.

"बाई, राग मानू नका, पण या खुर्चीवरून उठता का? जागा धरलेली आहे."

"कोणासाठी?"

"येईल एक जण. वेळेचं भान नाही तिला, पण येते."

मी उठले. त्याने चष्मा काढला, चाचपडत खुर्चीवर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. त्या कोण कुठल्या पोरीचा मला इतका हेवा वाटला की काय सांगू.

खाली आले तर दाराशी लायब्ररीच्या बाई. "काही विसरलात का?" त्यांनी विचारलं.

माझ्या पायात गुडघ्यांसाठी घेतलेले मऊ बूट होते. त्यांचा आवाजच येत नाही. "तुमच्या चपला देता जरा?" मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता चपला काढून दिल्या.

गुडघे ओरडत होते, तरी मी तो जिना धावत चढले. फटफट, फटफट. माडीवर पोचले तेव्हा मला धाप लागली होती. घुबड खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याने मान वळवली नाही.

"आल्या लेटलतीफ," तो म्हणाला. "बस. चष्मा बघ खाली."

मी चष्मा उचलून बसले. तो माझ्याच मांडीवर ठेवला, आणि ऊन टेबलावरून उतरेपर्यंत त्याला दिला नाही. तो डोळ्यांवर चढला असता, तर समोर पुन्हा कोणीतरी बाई दिसली असती.