तूर, सोयाबीन आणि मी

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. अंगावरचं बिस्किटांचं चित्र कधीच पुसलं गेलं, आता गंज तेवढा उरलाय. पण मित्रांनो, मला भंगार म्हणाल तर खबरदार!

कारखान्यातून मी किन्हीराजा गावातल्या दुकानात आलो आणि तिथून जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर, रुपाबाईंच्या घरी. बिस्किटं दोन दिवसांत फस्त झाली. मग बारा वर्षं मी त्यांच्या सुया, कवड्या आणि आरशांचे तुकडे सांभाळले. एके दिवशी शेजारची रेणू मला मागून घेऊन गेली. नववीतली पोर, पण छिन्नीने माझ्या झाकणाला चीर पाडली! आई गं, काय कळ आली!

रेणूने मैत्रिणींसोबत तांड्यावरच्या गाण्यांचं मासिक काढलं होतं. वाचकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात म्हणून मला शाळेच्या व्हरांड्यात ठेवलं. महिनाभर मी आ वासून बसलो. चिठ्ठी आली एकच, ‘अंक छान आहे’. तीही रेणूनेच टाकली होती, मी पाहिलं ना! मुख्याध्यापक म्हणाले, “कोणी वाचतच नसेल, तर दुसरा अंक कशाला काढायचा?”

रडवेली रेणू मला परत द्यायला गेली. रुपाबाई म्हणाल्या, “मले लिहिता येत नाही, मंग मी चिठ्ठी कायची टाकू वं? ज्याहीची गानी छापली, त्याहीले विचारलं का तुमी?”

त्याच संध्याकाळी रेणूने तांड्यावर अंक मोठ्याने वाचून दाखवला. आवडलं तर तुरीचा दाणा टाकायचा, नाही तर सोयाबीनचा, असं ठरलं. टण टण दाणे पडले. झाकण उघडलं, तर सगळं सोयाबीन!

“काहून नाही आवडलं?” रेणूने डोळे पुसत विचारलं.

डफडं वाजवणारे म्हातारे भाऊसिंग उसळले, “लेंगी म्हंजे आमचं होळीचं गानं, अन् म्हननाऱ्याचं नाव एकाचंबी नाही! तेबी अर्धीच छापली. बाकीच्या जागेत फुलं कायले काढली?”

रेणूने एकेकाचं बोलणं वहीत उतरवलं आणि ती वही मुख्याध्यापक सरांपुढे ठेवली. सर हसले. “इतके रागावतात, म्हणजे अंक त्यांना हवाय. काढा दुसरा!” माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या अंकातून फुलं गेली. लेंगी पूर्ण आली, खाली नावंही आली. पुन्हा वाचन झालं, आणि या वेळी माझ्यात तूरच तूर! शेवटी भाऊसिंग आले. आपलं नाव कुठे आहे ते रेणूला विचारून त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग दोन दाणे टाकले, एक तुरीचा, एक सोयाबीनचा.

रेणू घाबरली.

“तूर नावासाठी. सोयाबीन कायले, तं तिसरं कडवं चुकलं. उद्या ये, म्हनून दाखवतो.”

रेणू हसतच सुटली. किती दिवसांनी हसली पोर!

मित्रांनो, डबा ठेवायचा तर माणसं बसतात तिथे ठेवा, आणि कडू बोलही जपा. त्या तुरीचं वरण पोरींनी कधीच खाल्लं. सोयाबीनचा तो एक दाणा मात्र रेणूने माझ्यातच ठेवलाय. कडवं दुरुस्त होईपर्यंत तो सांभाळणं, हे आता माझं काम आहे.